सरपंचांचा श्वास

मांजरखिंडीच्या सरपंच सौ. नयना धैर्यशील खराडे यांनी तीन वर्षांत छत्तीस मासिक सभा घेतल्या, असं दप्तर सांगतं. त्यांतल्या पाच त्यांनी स्वतः पाहिल्या, आणि त्या पाचांतही दोनदा चहाचं बघायला मधूनच उठल्या. उरलेल्या एकतीस सभा त्यांच्या वतीने त्यांच्या यजमानांनी, म्हणजे धैर्यशीलअण्णांनी, पार पाडल्या. सह्याही अण्णाच करत. 'सौ. नयना धै. खराडे' ही सही अण्णा इतकी वळणदार ठोकत, की तिच्याशेजारी नयनाची खरी सही ठेवली तर खरी तीच खोटी वाटावी.

यात कुणी कुणाला फसवत होतं असं नाही. सरपंचपद बाईमाणसाला राखीव निघालं, उभं राहायची हौस अण्णांना होती, अर्जावर नाव तिचं गेलं. गावाने मत अण्णांना दिलं आणि निवडून नयना आली. तिचा फोन अण्णांच्या खिशात गेला, तिचा शिक्का अण्णांच्या खडीच्या क्रशरवरच्या टेबलात गेला, आणि ती होती तिथेच, म्हणजे घरात राहिली. बारावीला तिने जीवशास्त्र घेतलं होतं. बेडकाच्या हृदयाची तिची आकृती बाईंनी भिंतीवर लावली होती. पण हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

सन दोन हजार एकेचाळीसच्या हिवाळ्यात आरोग्य खात्याने मांजरखिंडीत श्वासपेटी आणली. गावाला लागून चार खडीचे क्रशर, त्यांतला सगळ्यात मोठा अण्णांचा. तुळशीची पानंसुद्धा करड्या रंगाची. तेव्हा तपासणीत गावाचा नंबर पहिला लागावा यात नवल नव्हतं. पेटी पाण्याच्या कुलरएवढी. तिच्या नळीतून दहा मिनिटं सावकाश फुंकायचं. आत बर्फासारखी थंडी असते, तिच्यात श्वासातला ओलावा गोठतो आणि त्या दवात फुफ्फुसाच्या पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पुड्या सापडतात. पुडीत पेशीच्या कारभाराच्या चिठ्ठ्या. पेटी त्या वाचते. कुठल्याही फोटोत गाठ दिसायच्या दोन वर्षं आधी ती सांगते, की इथे पुढेमागे कॅन्सर वस्तीला येणार आहे.

खात्याने वर एक आमिषही लावलं होतं. ज्या गावात यादीतला प्रत्येक माणूस फुंकेल, त्या गावाला 'शतश्वास ग्राम' हा मान, वेशीवर निळी पाटी आणि कलेक्टर कचेरीत हार.

यादीत पहिलं नाव सरपंचांचं. फीत कापली, फोटोवाला पुढे आला, नयना पदर सावरत उठली आणि बघते तो पेटीसमोरच्या खुर्चीत अण्णा बसलेले. नळी तोंडात.

आरोग्य खात्याची आशाताई, लता सोनटक्के, हातात यादी घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "अण्णा, हे नाव मॅडमचं हाय."

अण्णांनी नळी काढली. "मग? मी काय परका हाय?"

लताने सरपंचांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. नयना पुन्हा बसली. अंगठ्याची खूण वगैरे काही नव्हतं, कारण गावातली माणसं आशाताई तोंडावरून ओळखते असं खात्याने धरून चाललेलं. ते खरंही होतं. लता सगळ्यांना ओळखत होती, म्हणूनच कुणाला काही म्हणू शकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी अण्णांचं स्वतःचं नाव आलं, तेव्हा ते क्रशरवर डंपर भरून घेत होते. निरोप गेला, उत्तर आलं की एकदा फुंकलंय, किती वेळा फुंकायचं. लताच्या यादीत सहाशे चौदातली तेवढी एक जागा रिकामी. ती रडकुंडीला आली. तेव्हा नयनाच म्हणाली, त्यांनी माझा फुंकला, मी त्यांचा फुंकते, घरातल्या घरात फिटलं. आणि तिने दहा मिनिटं फुंकलं, नियमाप्रमाणे, सावकाश. गाव शंभर टक्के झालं. कलेक्टर कचेरीत मंत्र्यांच्या हस्ते अण्णांच्या गळ्यात हार पडला, सरपंचांच्या वतीने.

पहिला श्वास दिल्यापासून एकोणीस दिवसांनी सरपंचांच्या फोनवर, म्हणजे अण्णांच्या खिशात, संदेश वाजला. नयना खराडे: फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पूर्वखुणा. धैर्यशील खराडे: निर्दोष.

अण्णा त्या दिवशी जेवायला लवकर घरी आले. तिला संदेश वाचून दाखवला. मग तिच्या हातातला झाडू काढून घेतला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि अण्णांनी झाडू हातात धरलेला नयनाने प्रथमच पाहिला. त्यांनी तो कोपऱ्यात उलटा उभा करून ठेवला. दोनच दिवसांत घरात धुणंभांडी करायला बाई आली, नयनाला दुपारी सफरचंद मिळू लागलं, बायका दारातूनच "बसा, उठू नका" म्हणू लागल्या. अण्णांना प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांचं प्रेमही त्यांच्या कारभारासारखंच होतं, सगळं अंगावर घेणारं. विचारपूस करायला कुणी आलं की तेच सांगत, आम्हाला तसा खोकला नाही, भूक बरी आहे, रात्री झोप लागते.

आता वाचणारा म्हणेल, या दोघांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये? नाही आलं. तीन वर्षं नयनाच्या नावावर जे जे झालं, मग ते पाण्याच्या टाकीचं कौतुक असो की गटाराच्या शिव्या, ते तिने आपलं मानलं होतं. आणि अण्णांनी तिच्या नावावर जे जे केलं ते त्याच क्षणी त्यांच्या हातून सुटून तिचं झालं होतं. इतकी सवय. कागदावर नाव आलं की दुखणंही नावामागोमाग जाणार, यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. नयना फक्त आरशासमोर उभी राहून लांब श्वास घेई आणि कुठे काही अडतंय का ते बघे. काही अडत नसे. तिला वाटे, हे दुखणं फारच सभ्य आहे.

पेटीचे निकाल वाचणाऱ्या डॉक्टर तबस्सुम शिकलगार संदेशानंतर पाच दिवसांनी स्वतः गावात आल्या. मिरजेच्या. वय पस्तिशीचं, पायात बूट, डोळ्यांत रात्री जागून वाचणाऱ्या माणसाची चमक. एवढ्या मोठ्या बाई आपण होऊन घरी येतात म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असणार, असा अर्थ अण्णांनी काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी नयनाला विचारलं, कधीपासून दम लागतो? अण्णा म्हणाले, लागत नाही. घरात चुलीचा धूर? अण्णा म्हणाले, गॅस आहे. धुळीत जाणं होतं का? अण्णा म्हणाले, आमचं रोजचंच, आणि मग जरा थांबून, म्हणजे हिचं नाही.

तेवढ्यात क्रशरचा पट्टा तुटल्याचा फोन आला आणि अण्णांना जावं लागलं. जाताना ते डॉक्टरांना म्हणाले, "काय असंल ते मला सांगा. तिला नका सांगू."

गाडीचा आवाज लांब गेल्यावर नयनाने विचारलं, "डॉक्टर, पेटीला नेमकं काय दिसलं? मला बारावीला बायलॉजी होतं."

हा प्रश्न डॉक्टर शिकलगारांना वर्षभरात एकाही पेशंटने विचारला नव्हता. त्या खुर्ची ओढून पुढे सरकल्या.

त्या सांगू लागल्या, की प्रत्येक पेशीत आपली सगळी पोथी असते. तिच्या शंभर पानांपैकी जेमतेम दोन पानांवर प्रथिनं कशी करायची ते लिहिलंय, आणि प्रथिनं म्हणजे शरीरातले राबणारे हात. उरलेल्या पानांना शास्त्रज्ञ बरीच वर्षं रद्दी म्हणत होते. मग कळलं की त्या रद्दीच्याही नकला निघतात. लांबच लांब आरएनए, पण त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. त्यांना नाव पडलं लांब असांकेतिक आरएनए. राबणाऱ्यांच्या हजेरीपटावर ते कुठेच नाहीत. पण कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटायचं, कोणत्या जनुकाने बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, यात त्यांचं चालतं.

"म्हणजे पद नाही, हजेरी नाही, आणि कारभार सगळा त्यांचा," नयना म्हणाली. "कळलं. आमच्याकडे आहे एक."

डॉक्टर हसल्या. विनोदाचा अर्धाच भाग त्यांना कळला होता, पण बाई हुशार आहे हे पूर्ण कळलं. पुढे त्यांनी सांगितलं, की पेटी असे सात कारभारी मोजते. त्यांतला एक मॅलॅट. तो प्रथम ठळकपणे हाती लागला तो फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या गाठींतच. तो फार वाढला, की पेशी आपली जागा सोडून हिंडायच्या तयारीला लागतात. नयना खराडे या नावाच्या श्वासात तो सहापट आहे. उपाय आहे. त्याच्या अक्षरांना उलटी जुळणारी एक छोटी साखळी वाफेतून आत सोडायची. ती मॅलॅटला चिकटली की पेशीच त्याला फाडून टाकते. आठ आठवड्यांत आटोपतं.

"मग तुम्ही एवढ्या लांब का आलात?"

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. घरात कुणी नव्हतं तरी. "एक्झिस्टमुळे," त्या म्हणाल्या. "तो सातांतला नाही. पेटी तो आपली जाताजाता नोंदवते, एरवी कुणी बघतही नाही."

बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन. दोन्ही एकदम बोलू लागली तर मात्रा दुप्पट होऊन घोटाळा व्हायचा. म्हणून बाई जन्मायच्याही आधी प्रत्येक पेशी दोघांतल्या एका एक्सला गप्प करते. एक्झिस्ट नावाचा लांबलचक आरएनए त्या गुणसूत्रावर पांघरुणासारखा पसरतो, आणि ते जन्मभर पांघरुणाखाली राहतं. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे पांघरुणाचा प्रश्नच नाही.

नयना ऐकत होती. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं होतं, ते सोडलं.

"तुमच्या श्वासात एक्झिस्ट नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काही गाठींमध्ये बाईचा एक्झिस्ट नाहीसा होतो, तेवढं आम्हाला माहीत आहे. पण खरी गंमत पुढे आहे. तुमच्या मिस्टरांच्या श्वासात तो आहे. भरपूर. क्वचित एखाद्या पुरुषात असं होतं. पण एका घरात, एका छपराखाली, बाईचा गेला आणि पुरुषाचा जागा झाला? या खडीच्या धुळीत काहीतरी आहे. मी आठवडाभर झोपलेली नाही."

लेखाचं नावही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. त्या ते सांगणारच होत्या, तेवढ्यात नयना हसू लागली.

ती आधी नाकातून हसली, मग तोंडावर पदर घेऊन, मग पदरही सोडून. हसता हसता ती खुर्चीच्या हातावर वाकली. डॉक्टरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. धक्का बसला की माणसं अशी हसतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. नयनाने पाणी घेतलं, एक घोट प्यायली, आणि दुसऱ्या घोटाला थांबली. हसण्यामागून दुसरी गोष्ट चालत आली होती आणि आता समोर उभी होती. एक्झिस्ट नसलेला तो श्वास. त्यातला मॅलॅट. सहापट.

तिने तांब्या खाली ठेवला. "डॉक्टर, औषध कधीपर्यंत सुरू व्हायला लागतं?"

श्वास दिल्यापासून पंचेचाळीस दिवसांत. त्यानंतर खुणा सरकतात, फोटोत दिसणार नाही अशी बारीक गाठ धरते, मग वाफेचं काम राहत नाही. चोवीस दिवस गेले होते.

"आणि एकाच्या नावावरचं औषध दुसऱ्याने घेतलं तर?"

ते शक्य नाही, डॉक्टर म्हणाल्या. प्रत्येक मात्रेआधी यंत्र अंगठा घेतं, श्वास पुन्हा वाचतं, मात्रा त्या श्वासावर बेतलेली असते. निरोगी फुफ्फुसात ती गेली तर चांगलं बिघडेल. पण असं का विचारता?

"दोन दिवस द्या," नयना म्हणाली. "मग मी सांगते तुम्हाला. आणि ते लेखाचं... जरा थांबा."

अण्णांच्या क्रशरवरच्या केबिनमध्ये नयना यापूर्वी एकदाच आली होती, पूजेला. काचेवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ, आणि ती पुसायला ठेवलेलं फडकंही धुळीचं. टेबलावर एक अर्ज टाइप करून ठेवला होता. क्रशरला पुढच्या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. अर्जदार: धैर्यशील खराडे. मंजुरी देणार: सरपंच सौ. नयना खराडे. मागच्या खेपेचा दाखलाही शेजारीच होता. त्यावर तिची ती देखणी सही होती.

ती बसली. अण्णांना वाटलं डॉक्टरीणबाईने हिला सगळं सांगितलं. ते उठून पंखा लावू लागले.

"अहो," ती म्हणाली, "तो श्वास तुमचा आहे."

"कुठला?"

"माझ्या नावावरचा. तुम्ही फुंकलेला."

बाहेर यंत्र दगड चावत होतं. अण्णांनी पंख्याचं बटण तसंच धरून ठेवलं. मग म्हणाले, "आणि तुझा?"

"माझा तुमच्या नावावर. एकदम निर्मळ आहे."

अण्णा खाली बसले. त्यांनी छातीवर हात नेला आणि खिसाच चाचपतोय असं दाखवून परत आणला. नयना वाट बघत होती. तिला वाटलं ते घाबरतील, किंवा तिच्यावर ओरडतील, किंवा निदान विचारतील की आता काय. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "डॉक्टरीणबाईला बोललीस?"

"नाही."

अण्णांनी सुस्कारा सोडला. तो कुणाच्या नावावर टाकायचा, ते लता सोनटक्केलाच विचारावं लागलं असतं.

त्यांची अडचण खोटी नव्हती. जिल्हा परिषदेच्या उमेदवारांची यादी पंधरा दिवसांत लागणार होती आणि अण्णांचं नाव जवळजवळ पक्कं होतं. शतश्वासचा हार घालताना मंत्र्यांनीच खांद्यावर हात ठेवून तसं सुचवलं होतं. आता हारच खोटा निघाला, तर वर्तमानपत्रात काय छापून येईल हे अण्णांना पाठ म्हणून दाखवता आलं असतं. त्यांनी नयनाला सांगितलं, तू कशात पडू नकोस, मी बघतो. हे वाक्य ते गेली बावीस वर्षं म्हणत होते आणि बहुतेक वेळा त्यांनी बघितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी ते पेटीची गाडी जिथे उभी होती त्या शेजारच्या तालुक्यात गेले. खाजगी दवाखान्यांत पेटी अजून आलेली नव्हती. तिथे मात्र अंगठा लावावा लागला. अंगठा लागताच पेटी गोड आवाजात म्हणाली, की धैर्यशील खराडे, आपली तपासणी पूर्ण झालेली आहे, आपली फुफ्फुसे निर्दोष आहेत, अभिनंदन, पुढील तपासणी दोन वर्षांनी. अण्णांनी पुन्हा अंगठा लावला. पेटीने पुन्हा अभिनंदन केलं. अण्णा पेटीशी भांडू लागले, मग पेटीवरच्या माणसाशी.

तो माणूस म्हणाला, "साहेब, रिपोर्ट वाईट आला म्हणून लोक रडत्यात. तुम्ही चांगला आला म्हणून भांडताय."

अण्णा परत आले तेव्हा नयना जेवणाची ताटं वाढत होती. तिने काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही, पण भाकरी मोडताना ते मध्येच थांबले आणि त्यांनी लांब श्वास घेतला. कुठे काही अडतंय का ते बघणारा. तिने तो लगेच ओळखला. आठवडाभर तिने तोच घेतला होता.

ते म्हणाले, यादी लागू दे. मग मी दोन महिन्यांनी गुपचूप पुण्याला जातो.

"दोन महिन्यांनी गाठ असणार आहे, अहो."

"तोवर तू... म्हणजे कागदावर तू हायसच की आजारी. तशीच ऱ्हा. मी काढतो कायतरी वाट."

नयना त्यांच्या समोर बसली. "तीन वर्षं तुमचं सगळं माझ्या नावावर चाललं," ती म्हणाली. "मी कधी म्हटलं का काही? एवढं एक चालणार नाही. मला तुमच्या जागी आजारी पडता येत नाही. आलं असतं तर पडले असते, तेही विचारलं नसतं तुम्ही."

अण्णांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग त्यांनी खिशातून तिचा फोन काढला आणि ताटाशेजारी ठेवला. नयनाने तो एवढ्यात उचलला नाही. आधी भाजी वाढली.

सकाळी ती पंचायतीत गेली. काय ते कागदावर रीतसर जावं, एवढंच तिच्या डोक्यात. ग्रामसेवक लांडगे तिला बघून उभेच राहिले आणि सवयीने तिच्या मागे अण्णा दिसतायत का ते पाहू लागले. तिने पंचायतीच्या कागदावर अर्ज लिहिला, तपासणीत दोन नावांची अदलाबदल झाली आहे, दोन्ही श्वास पुन्हा घ्यावेत, आणि खाली सही केली. लांडग्यांनी कागद यंत्रावर धरला. सही ताडणाऱ्या त्या यंत्राने लाल दिवा लावला.

लांडगे अवघडून म्हणाले, "मॅडम, ही सही सरपंचांच्या सहीशी जुळत नाही."

"मी सरपंच आहे."

"ते बरोबर आहे. पण नमुना रेकॉर्डला वेगळा आहे. असं करा, अण्णांकडून करून आणा की."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण ते खिडकी उघडायला गेले. नयनाने कागदाची घडी केली. इथे हसावं की रडावं हे तिने पुढे कधीतरी ठरवायचं म्हणून ठेवून दिलं.

घरी अण्णा ओसरीत बसले होते. क्रशरवर गेले नव्हते. तिने त्यांच्याशेजारी बसून फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून डॉक्टर शिकलगार उत्साहाने म्हणाल्या, बरं झालं फोन केलात, मी आणखी दोन गावांची धूळ मागवलीय.

"डॉक्टर, ह्यांना तुमच्याशी बोलायचंय," नयना म्हणाली आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

असं काही ठरलेलं नव्हतं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हात मागे घेतला नाही. तीन वर्षं त्यांचा प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू होत आला होता: सरपंचांच्या वतीने बोलतोय. त्या वाक्याचा पहिला शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला. त्यांनी घसा साफ केला.

"मी धैर्यशील खराडे बोलतोय," ते म्हणाले. "माझ्याच वतीनं."

पुढचं त्यांनी पाच वाक्यांत सांगितलं. पलीकडे इतकी शांतता पसरली, की फोन कटला असं दोघांना वाटलं. एक अख्खा शोध तिकडे जमीनदोस्त होत होता, त्याला थोडा वेळ लागणारच. मग डॉक्टर म्हणाल्या, उद्या सकाळी या, उपाशीपोटी. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "तुमच्या गावात असं आणखी कुणी कुणाच्या नावावर फुंकलंय?"

नयना म्हणाली, "तुमच्या पेटीलाच विचारा. तिला बाई आणि पुरुष कळतो ना?"

पेटीने सांगितलं. एरवी कुणी न पाहिलेल्या त्या जाताजाताच्या नोंदीत मांजरखिंडीचे त्रेचाळीस श्वास चुकीच्या नावाखाली सापडले. नवरे कामावर म्हणून बायकांनी फुंकलेले, सासूबाई नळीला तोंड लावेनात म्हणून मुलाने फुंकलेले. बाईच्या नावावर दुसऱ्या बाईने आणि पुरुषाच्या नावावर दुसऱ्या पुरुषाने किती फुंकले, ते एक्झिस्टलाही कळत नाही. ते लताला माहीत होतं आणि ती सगळ्या गावाला पुन्हा फुंकायला लावून मोकळी झाली. या खेपेला अंगठे घेऊन. आणखी दोघं निघाले, दोघंही वेळेत. कॅन्सर शोधायला आणलेलं यंत्र कोण कुणाच्या जागी बसतो ते शोधू लागलं, हे कळल्यावर जिल्ह्यातल्या चाळीसेक गावांनी म्हणे घाईघाईने फेरतपासणीचे अर्ज केले. निळी पाटी उतरली. जिल्हा परिषदेच्या यादीत अण्णांच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव लागलं. अण्णा दोन दिवस घुश्शात होते, तिसऱ्या दिवशी पहिली मात्रा होती.

वाफ रोज सकाळी दहाला घ्यायची आणि नंतर दोन तास बोलायचं नाही, घसा सोलतो. पंचायतीचं कामकाज साडेदहाला सुरू होतं. यात कुणाचा डाव नव्हता; तालुक्याच्या दवाखान्यातलं यंत्र दहाला सुरू होई, इतकंच. अण्णा तिथून थेट पंचायतीत येत आणि भेटायला आलेली माणसं ज्या बाकावर बसतात त्या बाकावर बसून राहत. पहिले काही दिवस ते भुवयांनी कारभार करायला बघत होते. नयनाने त्यांच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवून घेतली. त्या आठ आठवड्यांत तिने दोनदा चूक केली, एकदा भलत्याच वस्तीला पाण्याचा टँकर पाठवला आणि एकदा सभेत रडली. गावाने दोन्हीची नोंद ठेवली. मॅलॅट सहापटीवरून चौपटीवर आला, मग दुपटीवर.

सहाव्या आठवड्यात ना-हरकतीचा अर्ज पटलावर आला. अर्जदार धैर्यशील खराडे, बाकावर हजर. लांडग्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि कुणी काही म्हणायच्या आत अण्णांचा हात खिशाकडे गेला. पेन बाहेर आलं, टोपण निघालं. सवय. ते टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले आणि वाकले. तेव्हा त्यांना दिसलं, की कागद त्यांच्याकडून उलटा आहे.

ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी पेन फिरवून, टोकाकडून धरून, तिच्यापुढे केलं.

नयनाने ते घेतलं, पण सही केली नाही. आधी वाचलं. चार पानं होती, तिला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ सगळे थांबून होते, आणि अण्णांच्या श्वासाची बारीक शीळ तेवढी खोलीत ऐकू येत होती. मग 'अटी' या रिकाम्या रकान्यात तिने लिहिलं: पट्ट्यांवर चारही बाजूंनी पत्र्याची शेड. दिवसभर पाण्याचा फवारा. कामगारांचा दर सहा महिन्यांनी श्वास, ज्याचा त्याने. याशिवाय यंत्र चालू होणार नाही. तिने कागद वळवून अण्णांसमोर सरकवला. ते वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली नाहीत. त्यांनी शेडच्या ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते.

तोंड मिटून ते बाकावर जाऊन बसले.

तिने सही केली. लांडग्यांनी कागद यंत्रावर धरला. लाल दिवा.

"मॅडम..." लांडगे म्हणाले, आणि या वेळी खिडकीकडे गेले नाहीत. त्यांनी कपाटातून कोरा तक्ता काढला. "नवा नमुना घ्यावा लागेल. तीन सह्या, तीन चौकटींत."

पहिली सही चौकटीबाहेर गेली. दुसरीत 'धै' काढताना पेन अडखळलं. तिसऱ्या चौकटीला नयनाने नुसतंच 'नयना खराडे' लिहिलं, आणि ती लांडग्यांना म्हणाली, हीच धरा.